प्लॅन वाढवू नकोस, मनू

चि. मनू,


तुझा मेसेज मिळाला. माडीवरच्या पीसीवर गेम लावायचा आणि खाली हॉलमधल्या टीव्हीवर खेळायचा, इथवर तू एकटीने जमवलंस हे वाचून बरं वाटलं. आता चित्र अडखळतंय, बटण दाबल्यावर गडी उशिरा हलतोय, आणि त्यावर तुझ्या पप्पांनी तोडगा काढलाय की नेटचा प्लॅन १०० एमबीपीएसचा ३०० करून टाकू. दाजींना सांग, पैसे ठेवा. प्लॅन ३०० चा करा नाहीतर हजाराचा, या दुखण्याचं ते औषध नव्हे. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतेस आणि मग मनाचंच करतेस. शिवाय सीसीटीव्ही बसवायला जातो त्या घरांतलं एखादं पोरगं वायरींकडे बघत हळूच हेच विचारतं, म्हणून पत्र छापायलाच देतोय. त्यांचंही काम होईल.

तुझा गेम इंटरनेटवरून येतच नाही. तो तुझ्या माडीवर तयार होतो. पीसी चित्र काढतो, ते दाबून लहान करतो, राउटरकडे देतो आणि राउटर ते टीव्हीकडे पाठवतो. सगळा प्रवास घरातल्या घरात. कंपनीची फायबर राउटरच्या दुसऱ्या तोंडाला येते, तिचा यात हात नाही. आपल्या जालन्यात नळाला किती दिवसांआड पाणी येतं ते तुला सांगायला नको. ज्या वाड्यात आड आहे त्याला पाणी शेंदायला नळाची वाट बघावी लागत नाही, आणि नळाची तोटी मोठी बसवली म्हणून आडाचं पाणीही वाढत नाही. घरातलं नेटवर्क हा तुमचा आड आहे. नेट गेलं तरी राउटरला वीज आहे तोवर माडी आणि हॉल यांचं बोलणं चालू राहतं. फक्त गेम आधी पूर्ण उतरवून ठेवलेला हवा. काही गेम उघडतानाच कंपनीच्या सर्व्हरकडे हजेरी लावायला जातात, त्या हट्टी जातीला इलाज नाही. बाकीच्यांसाठी, नेट चालू असतानाच स्टीम या गेमच्या अॅपचा ऑफलाइन मोड एकदा लावून बघून ठेव.

मला या वायरींचा नाद कधी लागला ते तुझ्या आईला विचार. नव्वदच्या दशकात मी जालन्यात केबलच्या कामावर होतो. कंट्रोल रूम म्हणजे एक कोंदट खोली, रिसीव्हरचे डबे आणि कोपऱ्यात व्हीसीआर. झी टीव्ही ऑक्टोबर १९९२ मध्ये आला. त्याच्या आधीपासून गावोगावच्या केबलवाल्यांचा धंदा त्या व्हीसीआरने ओढला होता. रात्री कॅसेट लावली की गल्लीभर एकच पिक्चर. तार कोअॅक्सियल, ७५ ओहमची, या गच्चीवरून त्या गच्चीवर टाकलेली. लांबी वाढली की चित्रात मुंग्या यायच्या, मग मधे अॅम्प्लिफायर ठोकायचा. केबलचा कायदा १९९५ मध्ये आला, तोवर आम्ही सगळे बिनकायद्याचेच. सांगायचं काय, तर यंत्र एका खोलीत आणि पडदा भलत्याच घरात, हे तुझं खूळ नवं नाही.

नवी आहे ती परतीची वाट. आमची केबल एका दिशेची होती. पिक्चर अर्धा सेकंद उशिरा पोचला असता तरी कुणाच्या बापाला कळलं नसतं, कारण पडद्यावरच्या हीरोला कुणी घरातून हुकूम देत नव्हतं. तुझ्या खेळात चित्र खाली येतं आणि तुझं बोट वर जातं. चित्र बघून बोट हलतं, बोट हललं की चित्र बदलतं, आणि ही फेरी अखंड चालते. एका सेकंदात किती माल जाऊ शकतो ते प्लॅनवरचा आकडा सांगतो. एक फेरी पुरी व्हायला किती वेळ लागतो हे तो सांगत नाही. तुझं दुखणं फेरीचं आहे.

मालाचंही बघून घेऊ, म्हणजे दाजींची शंका राहायला नको. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ६० चित्रं. गुणाकार केलास तर सेकंदाला जवळपास ३०० कोटी बिट होतात, म्हणजे ३ गिगाबिट. एवढं कच्चं चित्र घरातल्या राउटरने वाहायचं म्हटलं तर त्याची कंबर मोडेल. म्हणून ग्राफिक्स कार्डात चित्र दाबणारा एक वेगळा भाग असतो. एनव्हिडियाने तो २०१२ च्या केप्लर पिढीपासून बसवला, एएमडी आणि इंटेलच्या चिपांतही तो असतो. गेम काढणाऱ्या भागाला फारसा धक्का न लावता तो चित्रं चेपत राहतो, आणि ३ गिगाबिटचं काम २० मेगाबिटच्या आसपास आटोपतं. तुझा साधा राउटरसुद्धा २० मेगाबिट सहज पेलतो. तेव्हा माल कमी पडत नाहीये.

आता वेळ. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद. तुझ्या कंट्रोलरचा इशारा पोचायला काही मिलिसेकंद, गेमला विचार करून चित्र काढायला एक-दोन चित्रांचा वेळ, चेपायला थोडा, तारेतून जायला साधारण एक मिलिसेकंद, टीव्हीला ते उलगडायला थोडा, आणि शेवटी टीव्हीचं स्वतःचं नटणंमुरडणं. तुला क्रिकेट खेळायचंय म्हणतेस, तर क्रिकेटमध्येच मोज. खेळपट्टी २०.१२ मीटरची. ताशी १४० किलोमीटरने आलेला चेंडू सेकंदाला ३९ मीटर कापतो. सगळा उशीर मिळून १०० मिलिसेकंद झाला, तर तुला चेंडू जिथे दिसतोय त्याच्या तो जवळपास ४ मीटर पुढे आलेला असतो. तू कव्हर ड्राइव्हचं बटण वेळेवर दाबतेस आणि यष्टी मागे पडलेली असते. आपल्या जालन्याचा विजय झोल, ज्याने २०१४ च्या १९ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं, तोही या टीव्हीवर त्रिफळाचीत झाला असता.

यातला मोठा चोर बहुतेक वेळा नेटवर्क नसतो, टीव्ही असतो. हल्लीचा टीव्ही आलेलं चित्र तसंच दाखवत नाही. रंग चढवतो, कडा घासतो, दोन चित्रांच्या मधे स्वतःच्या मनाने तिसरं घुसडतो. या नटण्यात ५० ते १०० मिलिसेकंद सहज जातात. जुन्या काचेच्या टीव्हीला हे रोग नव्हते. आमच्या वेळी बाजारात कार्ट्रिजचे टीव्हीगेम मिळायचे, मारिओ आणि कॉन्ट्रावाले. ते अँटेनाच्याच भोकात लावायचे असत, म्हणून पोरं आमची केबल उपटून गेम खुपसायची आणि संध्याकाळी घरची माणसं "केबल गेली" म्हणून मलाच बोलवायची. त्यात बदकं मारायचा एक गेम होता, डक हंट. तुझ्या आईने त्यात नंबर काढला असता. त्याची बंदूक गोळी सोडत नसे, उलट टीव्हीकडे बघायची. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो चौकोन टिपायचा. काचेचा टीव्ही चित्र आलं त्याच क्षणी उजळायचा, म्हणून हे जमे. तीच बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर रोखलीस तर एकही बदक पडणार नाही, कारण टीव्ही उजळेपर्यंत बंदुकीने डोळा मिटलेला असतो.

म्हणून पहिलं काम फुकटचं आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड शोध आणि लाव. चित्र जरा रोडावल्यासारखं दिसेल, दिसू दे. एक मेख आहे: काही संचांत गेम मोड फक्त एचडीएमआयच्या वाटेवर लागतो, टीव्हीतल्या अॅपला तो लागू होत नाही. तुमच्याकडे तसं निघालं तर अँड्रॉइडचा वेगळा डबा एचडीएमआयला जोडून त्यात अॅप टाकावं लागेल. स्वस्तातल्या टीव्हीतली चिप चित्र उलगडायलाही धापा टाकते, तिथेही डब्याचा फायदा होतो. पण खरेदीची घाई नको. मूनलाइट नावाचं चित्र घेणारं अॅप आहे (त्याचं पुढे सांगतो), त्याच्या सेटिंगमध्ये खेळताना आकडे पडद्यावर दाखवायची सोय आहे, ती चालू कर. वाटेत चित्रं गळत असतील तर दोष नेटवर्कचा. उलगडण्याचा वेळ १६ मिलिसेकंदांच्या वर जात असेल तर टीव्हीचा. दोन्ही आकडे ठीक आणि तरी बोट जड वाटतंय, तर गेम मोड लागलेला नाही.

तुझ्या मेसेजमध्ये चित्र "मधेमधे चौकोन चौकोन होतं" असंही आहे, त्यावरून नेटवर्कचाही हिस्सा दिसतो, आणि त्याचं कारण मला घर न बघताही ठाऊक आहे. तुमची स्लॅब पडली तेव्हा मी हजर होतो. एमआयडीसीतल्या भट्ट्यांत भंगार वितळवून अख्ख्या महाराष्ट्राला सळई पुरवणाऱ्या गावात दाजींनी लोखंडात हात आखडता घेतला नाही. ती सळयांची जाळी आणि वरचं सिमेंट आता माडी आणि हॉलच्या मधे आडवं पडलंय. वायफायची ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान खरी, पण भिंती-स्लॅब तिला मानवत नाहीत. २.४ ची जरा रेटून पार होते, पण तिथे एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि गल्लीतले सगळे राउटर त्या तिघांवरच बसलेले. त्यात तुझा पीसीही वायफायवर आणि टीव्हीही वायफायवर. एकच चित्र आधी हवेतून राउटरकडे जातं आणि तिथून पुन्हा हवेतूनच टीव्हीकडे. निदान एक टोक तारेवर आण, अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. दोन्ही टोकं आणलीस तर या विषयावर मला पुन्हा लिहावं लागणार नाही.

तारेबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण यात फसवणूक फार. दुकानात कॅट-६ माग, आणि आतली तार अख्खी तांब्याची आहे का ते विचार. स्वस्त मालात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. सुरीने खरवडलं की पांढरं दिसतं, आणि दोन-चार वेळा वाकवलं की तुटतं. टोकाला आरजे-४५ बसवताना रंगांचा क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, दोन्ही टोकांना तोच. एखादी जोडी नीट बसली नाही तर तार मुकाट्याने गिगाबिटवरून १०० मेगाबिटवर उतरते आणि कुणाला पत्ता लागत नाही. बऱ्याच टीव्हींचं तारेचं तोंड मुळातच १०० मेगाबिटचं असतं, महागड्या टीव्हींचंसुद्धा. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. १०८० ला २० मेगाबिट लागतात, ४के ला ८० धर. तुला १०८० पुरे. हॉलच्या सोफ्यावरून तुला ४के चा फरक दिसला तर चष्म्याचा नंबर उतरला म्हणून पेढे वाट.

तार घराबाहेरून, भिंतीवरून सोडायची नाही. हे मी हुकूम म्हणून सांगतोय. आपल्याकडे वळवाचा पाऊस कसा येतो ते तू बघतेस. मे संपता संपता आभाळ भरून यायचं, वीज कुठेतरी दूर पडायची आणि आमचे गच्चीवरचे अॅम्प्लिफायर रांगेने उडायचे. तारेवर वीज पडावीच लागते असं नाही, जवळ पडली तरी तारेत झटका शिरतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं घेऊन जातो. तेव्हा तार आतून न्यायची, आणि आभाळ गडगडायला लागलं की पीसी आणि टीव्हीचे प्लग काढायचे.

आतून कशी, तर तुमच्या गच्चीच्या कोपऱ्यात काळी कोअॅक्सियल लोंबतेय ना, ती भिंतीतल्या पाइपातून माडीच्या खोलीला घासून थेट हॉलमध्ये टीव्हीमागे उतरते. मीच टाकली होती. आता सेट टॉप बॉक्सही गेला, ती नुसती पडून आहे. त्या कोअॅक्सियलवरूनच नेटवर्क चालवणारे अॅडॉप्टर जगात असतात, पण आपल्याकडच्या दुकानांत सहसा मिळत नाहीत आणि तेवढा खटाटोप कशाला. माडीच्या खोलीतल्या जंक्शन बॉक्समध्ये ती कापायची, खाली जाणाऱ्या टोकाला नवी कॅट-६ चिकटपट्टीने घट्ट बांधायची आणि हॉलमधून जुनी ओढायची. जुनी बाहेर येता येता नवी आत जाते. पाइप मोकळा असेल तर पाच मिनिटांचं काम. मी येईपर्यंत ती काळी तार कुणाला उपटू देऊ नकोस. नुसती ओढून काढली तर पाइप रिकामा होईल, आणि रिकाम्या पाइपात तार घालणं किती जिवावर येतं ते वायरमनला विचार.

अॅपचं विचारलंस. स्टीमचं स्वतःचं आहे. घरातल्या घरात गेम पाठवायची सोय स्टीमने २०१४ मध्ये सर्वांना खुली केली, २०१५ मध्ये त्यासाठी स्टीम लिंक नावाचा डबा काढला आणि २०१८ मध्ये डबा बंद करून त्याचं अॅप केलं. एनव्हिडियाचीही अशी सोय होती, गेमस्ट्रीम नावाची, ती कंपनीने २०२३ च्या सुरुवातीला गुंडाळली. गंमत पुढे आहे. त्याआधी दहा वर्षं अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी एका हॅकेथॉनमध्ये गेमस्ट्रीमचं चित्र कुठल्याही यंत्रावर घेणारं अॅप लिहिलं होतं, तेच पुढे मूनलाइट झालं. कंपनीने आपलं टोक बंद केलं तेव्हा लोकांनी पीसीकडच्या टोकासाठी सनशाइन उभं करून ठेवलेलं होतं. ते एनव्हिडिया, एएमडी, इंटेल कुठल्याही चिपवर चालतं. दोन्ही फुकट, दोन्हींचा कोड उघडा. मी घरोघरी हीच जोडी लावून देतो. उलट गूगलचं स्टेडिया बघ, गेम त्यांच्या यंत्रावर आणि चित्र आपल्या घरी. २०१९ मध्ये वाजतगाजत आलं, भारतात पोचलंच नाही आणि जानेवारी २०२३ मध्ये मिटलं. जालना ते मुंबई चारशे किलोमीटर, फायबरमधून उजेडाला जाऊन यायला ४ मिलिसेकंद पुरतात, तेव्हा अंतराचं मला भय नाही. पण ज्याचं यंत्र त्याच्या मर्जीवर आपला खेळ, हे मला पटत नाही. तुझा पीसी माडीवर आहे तोवर, ते हजेरीवाले हट्टी गेम सोडले तर, तुझा गेम कुणी मिटवू शकत नाही.

फक्त तो पीसी सांभाळ. एप्रिल-मे मध्ये वरच्या खोलीची स्लॅब संध्याकाळी सातलाही भाजत असते, आणि तू खाली कूलरसमोर बसून विसरून जाशील की वर यंत्र एकटं तापतंय. खिडकी उघडी ठेव, पीसी भिंतीपासून वीतभर पुढे ओढ. राउटर इन्व्हर्टरवर घे. पीसीला छोटा यूपीएस असेल तर वीज गेल्यावर खेळ चालू ठेवायचा मोह आवर. तो गेम सेव्ह करून यंत्र बंद करण्यापुरता असतो. उठसूट जिना चढायचा कंटाळा असेल तर पीसी बंद न करता झोपव आणि बायोसमध्ये वेक-ऑन-लॅन चालू कर. मग मूनलाइट खालून त्याला १०२ बाइटची एक हाक मारतं: सहा ठरावीक बाइट आणि पुढे पीसीच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता सोळा वेळा. पीसी तारेवर असेल तर या हाकेला भरवशाने उठतो, वायफायवरचा बहुतेक वेळा घोरत पडतो.

तार पडेपर्यंत क्रिकेट आणि मारामारीचे गेम वरच खेळ. खाली असे गेम लाव ज्यांत थोडा उशीर खपतो. तू मागे सांगितलंस की आजी विचारतात, ही पोर दार लावून वर काय करते. त्यांच्यासाठी एक सुचवतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये "राजी" काढला. राजी नावाची पोरगी, राक्षसांनी पळवून नेलेला तिचा धाकटा भाऊ, आणि तिची गोष्ट आपसात बोलत सांगणारे दुर्गा आणि विष्णू. भिंतींवर पुराणातली चित्रं आहेत, बाहुल्यांच्या खेळासारखे प्रसंग आहेत, नंतरच्या आवृत्तीत हिंदी आवाजही आहे. अधूनमधून हाणामारी आहे, पण क्रिकेटइतकी निर्दयी नाही. मी तो एका गिऱ्हाइकाकडे जोडणी तपासताना लावला होता, तर त्या घरच्या आजीबाईंनी चहा गार होऊ दिला आणि मला "आता डावीकडे जा" म्हणून सांगायला लागल्या. तुझ्या आजी जांबच्या, समर्थांच्या गावच्या. तुझ्या दुर्गेच्या गोष्टीत चुका काढल्याशिवाय राहायच्या नाहीत. काढू दे.

मी पुढच्या महिन्यात राजूरला गणपतीच्या दर्शनाला येतोय, तेव्हा अर्धा दिवस तुमच्याकडे काढतो. क्रिम्पिंग टूल आणि टेस्टर माझ्याकडचे आणीन. तार तेवढी तू घेऊन ठेव, ३० मीटर पुरेल, आणि दुकानदारासमोर सुरीने खरवडून बघायला लाजू नकोस.

ताईला आणि दाजींना नमस्कार. आजींना साष्टांग.

तुझा,
मामा

ता. क. गेम मोड लावून बघायचा तर दुपारी बघ. आजींच्या मालिकेच्या वेळेला टीव्हीच्या सेटिंगला हात लावलास आणि रंग फिके दिसले, तर मला फोन करू नकोस.